पेटिकोटवर स्कर्ट नीट बसत नाहीये? आधी घेर मोज

तू लिहिलंयस की पहिलाच लोलिटा स्कर्ट (जपानी लोलिटा फॅशनमधला फुगीर स्कर्ट) शिवलास, कंबर ७० सेंमी आणि घेर १४० सेंमी घेतलास, पण आत पेटिकोट, म्हणजे स्कर्ट फुगवणारा थरांचा परकर, घातला की तो चेपून जातो, पुढून स्कर्ट वर उचलला जातो आणि एकूण नाटकातल्या ड्रेससारखा दिसतो. फोटो नीट बघितले, तुझी शिलाई खरंच स्वच्छ आहे, गडबड सगळी घेरात आहे.

कंबरेच्या दुप्पट घेर हा साध्या चुणीदार स्कर्टचा हिशोब झाला, इथे किमान अडीचपट लागतो आणि तिप्पट असेल तर उत्तमच. १४० सेंमी घेर गोल पसरला तर आरपार जेमतेम ४५ सेंमी होतो आणि पेटिकोट फुगून ६५-७० पर्यंत जातो, मग तो बिचारा जाणार कुठे, चेपणारच. २२० घेतलास की आरपार ७० मिळतात. म्हणजे ११० पन्ह्याचे दोन पूर्ण तुकडे, हिशोब सोपा. कापडात काटकसर करायची असेल तर फ्रिल कमी कर, लेस कमी कर, पण घेर अजिबात कमी करू नकोस.

आणि पेटिकोट आधी शिव (किंवा आधी विकत घे), स्कर्ट नंतर, हे मी प्रत्येकाला सांगते. कारण कापड त्या फुगवट्यावरून चढून खाली उतरतं, त्यात उंची खर्च होते, म्हणून पेटिकोट न घालता गुडघ्यापर्यंत माप घेतलं की घातल्यावर ५-६ सेंमी आखूड होतं. तुझ्या पुढच्या बाजूचं तेच झालंय. पेटिकोट घालून, कंबरेपासून टेप त्या फुगवट्यावरून सोडून माप घे. पेटिकोटला वर नितंबापर्यंत साधं सुती कापड, त्याखाली ऑर्गेंझाचे (पातळ पण ताठ कापडाचे) थर, प्रत्येक थराचा घेर वरच्याच्या दुप्पट, म्हणजे १ मीटर, मग २, मग ४. कडक नेट स्वस्त पडते पण पायाला टोचते आणि स्टॉकिंग्जचे धागे ओढते. ए-लाइन, म्हणजे खाली सरळ पसरत जाणारा आकार हवा असेल तर फुगवटा खालच्या थरात ठेव, कपकेक, म्हणजे घुमटासारखा गोल आकार हवा असेल तर तो नितंबापासूनच सुरू व्हायला हवा.

आता चुण्या. तू एकच टीप घालून दोरा ओढलायस, म्हणून एका जागी गोळा आणि शेजारी सपाट असं झालंय. मशीनचा टाका सगळ्यात लांब कर, दोन टिपा घाल, एक काठापासून ६ मिमीवर आणि दुसरी १४ वर, बॉबिनमध्ये मजबूत दोरा घे. पुढचा आणि मागचा तुकडा वेगवेगळा ओढ, सलग २२० ओढायला गेलीस तर दोरा तुटणारच. कंबरपट्टीचे आणि स्कर्टचे आठ-आठ समान भाग करून खुणा जुळव, टाचण्या लाव, मग सुईच्या टोकाने चुण्या सरकवत सारख्या कर, इथे अर्धा तास गेला तरी जाऊ दे. पक्की टीप त्या दोन टिपांच्या मधोमध, १ सेंमीवर, चुण्यांची बाजू वर ठेवून. इस्त्री फक्त शिलाईच्या मार्जिनवर फिरव, चुण्यांवर फिरवलीस की त्या मरतात.

नाटकी दिसण्याचं कारण मात्र लेस आहे. ती चमकणारी नायलॉनची लेस काढून टाक, सुती टॉर्शन (दोऱ्यांनी विणलेली जाळीदार लेस) किंवा भरतकामाची सुती लेस लाव, भले अर्धीच लाव. पण लावण्याआधी धू! मी एकदा चार मीटर सुती लेस न धुता खालच्या कडेला लावली, दोन संध्याकाळी त्यात गेल्या, पहिल्याच धुण्यात लेस आटली आणि पूर्ण कड सुरकुतून वर ओढली गेली, सगळी उसवावी लागली. तेव्हापासून कापड आणि लेस दोन्ही धुऊन, इस्त्री करूनच कटिंगला घेते.

बेबी द स्टार्स शाइन ब्राइट किंवा अँजेलिक प्रिटी या जपानी लोलिटा ब्रँडसारखं परवडत नाही म्हणून शिवतेय असं तू जरा ओशाळून लिहिलंस, ते वाचून वाईट वाटलं. अगं, २००१ ला जपानमध्ये गॉथिक अँड लोलिटा बायबल हे मासिक निघालं त्यात शिवायचे पॅटर्न असायचे, हाताने शिवणं या फॅशनमध्ये आधीपासून आहे.

पुढे जेएसके करायचाय म्हणालीस, म्हणजे आत ब्लाउज घालून वर घालायचा तो बिनबाह्यांचा ड्रेस, तर पाठीला शिरिंग, म्हणजे इलॅस्टिक दोऱ्याच्या ओळी घालून केलेल्या ताणणाऱ्या चुण्या, नक्की कर. पाठीचा तुकडा दीडपट ते दुप्पट रुंद घे, बॉबिनवर इलॅस्टिक दोरा हाताने, न ताणता गुंडाळ, टाका लांब ठेव, शेवटी वाफेची इस्त्री वरून नुसती धर, कापड डोळ्यादेखत आकसतं. वजन थोडं कमी-जास्त झालं तरी ड्रेस अंगाला बसतो.

बॉर्डर प्रिंट (कापडाच्या एका काठाला छापलेली नक्षी) घेणार असशील तर ती छपाई काठाच्या बाजूने असते, त्यामुळे कापड आडवं वापरायचं, लांबी म्हणजे तुझा घेर आणि पन्हा म्हणजे तुझी उंची, मग २.४ मीटरमध्ये एकाच जोडात स्कर्ट होतो आणि कंबरपट्टी वरच्या उरलेल्या कापडातून निघते. मूळ काठ मात्र कापून टाक, तो कधीकधी धुतल्यावर ओढला जातो. आणि उंची पुढे-मागे करायची झाली तर खालून हात लावू नकोस, प्रिंट वाकडी दिसेल, जे काय कमी करायचं ते कंबरेकडून कर, पेटिकोट आणि बूट घालून कोणालातरी जमिनीपासून चारी बाजूंनी मोजायला लावून.