लेकीला सरकारी सायबर नोकरी घ्यायला लावू का?

प्रश्न : ताई, लेक व्हीटीयूतून (बेळगावचं तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ) कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, सायबर सिक्युरिटीत हुशार आहे, पण सरकारी नोकरी नको म्हणते. काय करू? – एक आई, खानापूर

उत्तर : जबरदस्ती नको हो वहिनी, पण दार बंदही करू नका. एनआयसीत (केंद्र सरकारचं कॉम्प्युटरचं काम बघणारी संस्था) सायंटिस्ट-बी या सुरुवातीच्या पदाला महिन्याला बेसिक ५६,१०० पासून, वर डीए वगैरे, सुरुवातीला वाईट नाही, पण तिथं चार वर्षं काम शिकून तयार झालेल्या पोरांना बेंगळुरूच्या कंपन्या बरंच जास्त देतात आणि सरकारी पगार काय स्किल बघून वाढत नाही, म्हणून माणसं सोडून जातात. त्यात कितीतरी जागा कॉन्ट्रॅक्टवर, मग थांबणार कोण? हां, सर्ट-इन (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) सारख्या ठिकाणी देशभरातले हल्ले बघायला मिळतात (हल्ला झाला की ६ तासांत त्यांना कळवायची कंपन्यांना २०२२ पासून सक्तीच आहे), ते एका कंपनीत बसून नाही दिसत. जाहिरातीत पर्मनंट लिहिलंय का, तेवढं आधी बघा.