'अह्-हं' म्हणजे हो, नाही नव्हे!

नागपूरच्या मिहानमधल्या कॉल सेंटरात नवीनच लागलेल्या एका पोराने विचारलंय, की अमेरिकन कस्टमर मधेमधे 'अह्-हं' म्हणतो तो हो म्हणतो का नाही, आणि नीट ऐकू नाही आलं तर आपण त्याला 'हं?' म्हटलेलं चालतं का.

हो म्हणतो रे बाबा, हो! सीताबर्डीवरच्या एका स्पोकन इंग्लिश क्लासच्या झेरॉक्सवर याचा अर्थ 'नाही' असा छापलेला मी स्वतः पाह्यला, तेव्हापासून डोकं तापून राह्यलं माझं. घोळ होतो तो आपल्या 'अंहं'मुळे. कोणी आग्रहाने वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरून आपण म्हणतो ना, ते. कानाला दोन्ही सारखंच लागतं. पण त्यांच्या होकारात मधे ह आहे, श्वास मोकळा जातो आणि सूर शेवटी वर चढतो. नकार 'अ-अ' असा, मधे ह नाही, गळ्यात श्वास खटकन अडवायचा आणि सूर खाली सोडायचा. आणि 'अह्-हं' ऐकून ऑर्डर पक्की धरू नको, बरेचदा तो नुसता हुंकार असतो, आजीच्या गोष्टीला आपण 'हूं' द्यायचो तसा.

आता माझं मत. आपण 'अंहं' लिहितो ह घालून, पण बोलताना नीट ऐका, पुष्कळ जण ह म्हणतच नाहीत, सरळ गळा अडवतात! त्या अडवण्याला मराठी वर्णमालेत अक्षरच नाही म्हणून बिचारा ह बसवला. म्हणजे नकाराची जागा दोन्हीकडे एकच, गळा. लेकराला चमचा नको असला की ते ओठ घट्ट मिटतं ना, तेच हे, फक्त आत सरकलेलं. काही अभ्यासक म्हणतात की ही होकार-नकाराची जोडी गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेत गेली. मला अजिबात पटत नाही. मग नागपुरातल्या आजीच्या गळ्यात ती कोणत्या जहाजाने आली?

'हं?'चंच बघा. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या डिंगेमान्से, तोरेइरा आणि एनफिल्ड या तिघा भाषा-अभ्यासकांनी 2013 मध्ये दाखवलं, की पाच खंडांतल्या 10 भाषांमध्ये, आइसलँडिकपासून लाओपर्यंत, न ऐकू आल्यावर विचारायचा शब्द जवळपास सारखाच आहे. कोणी कोणाकडून उचललेला नाही, गरज सारखी म्हणून शब्द सारखा. 2015 ला त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, लोक हसले, पण काम पक्कं आहे. आणि तो शब्दच आहे, शिंकेसारखा नुसता आवाज नाही, लेकरं तो शिकतात, असंही त्यांनी मांडलं. केवलप्रयोगी अव्यय म्हटलं की दोन ओळींत उरकणाऱ्या आपल्या मास्तरांनी हे वाचावंच.

हां, तुझं राह्यलंच. 'हं?' म्हणजे आपलं 'आँ?'. मित्राला चालतं. मोठ्या माणसाला आपण 'जी?' म्हणतो, तसं कस्टमरला 'सॉरी?' म्हण, सूर वर नेऊन. सूर खाली गेला तर त्याला वाटेल तू माफी मागून राह्यला.