वाचकांचे प्रश्न : सापडलेला इलाज हरवतो तेव्हा

प्रश्न : एकदा शोध लागला की तो कायमचा आपला झाला असं आपण धरून चालतो. लागलेला शोध पुन्हा हरवला असं कधी झालंय का?

उत्तर : झालंय की! आणि तेही स्कर्व्हीसारख्या, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या भयानक आजाराच्या बाबतीत. हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलायला लागतात, भरलेल्या जुन्या जखमा परत उघडतात. लांबच्या प्रवासाला निघालेले खलाशी लढाईपेक्षा यानेच जास्त मरायचे.

१७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशी घेतले, जेवण सगळ्यांना सारखंच, पण दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं औषध. कुणाला सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री नि एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली पण तेवढ्यात त्यातला एकजण कामावर जाण्याइतका बरा झाला, आणि दुसऱ्याला बाकीच्या आजाऱ्यांची सेवा करायला ठेवलं इतका तो सुधारला होता! तरी नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ पासून, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी. त्यानंतर स्कर्व्ही झपाट्याने कमी झाली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, खरी गंमत पुढे आहे. १८६० च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडची पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली, कारण ती ब्रिटिश वसाहतीतली होती आणि चवीला जास्त आंबट, आणि आंबटपणाच औषधी आहे असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात त्यांच्या रसात स्कर्व्ही रोखायची ताकद पिवळ्या लिंबाच्या साधारण पाव होती, त्यात तो साठवताना आणखी खराब व्हायचा. पण तोवर वाफेची जहाजं आली होती, प्रवास लवकर संपायचा, त्यामुळे रस कुचकामी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

१८७५ ची ब्रिटिश आर्क्टिक मोहीम रस सोबत घेऊन निघाली आणि तरी माणसं स्कर्व्हीने आडवी झाली. मग डॉक्टरांनी निष्कर्ष काय काढावा? की लिंबाचा काही उपयोग नाही, डब्यातलं मांस बिघडून त्यात विष तयार होतं त्यानेच हा आजार होतो! ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉटच्या १९०१ च्या अंटार्क्टिक मोहिमेतला डॉक्टरही हेच मानायचा, आणि तिथेही स्कर्व्ही झालीच.

मला यात सगळ्यात आवडते ती अॅलिस हेंडरसन स्मिथ, जिचं नाव फारसं कुणी घेत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमने गिनीपिगसारख्या प्राण्यांवर दोन्ही रस तपासून फरक दाखवला, आणि स्मिथने नौदलाच्या जुन्या नोंदी उकरून १९१९ मध्ये सिद्ध केलं की ज्या रसाने पूर्वी खलाशी वाचले तो पिवळ्या लिंबाचा होता. जुन्या कागदांत बसून तिने एवढा मोठा गोंधळ सोडवला, तिचं नाव खरंतर लिंडच्या बरोबरीने घ्यायला हवं.

प्रश्न : स्कर्व्हीचे प्रयोग गिनीपिगवरच का केले? उंदीर का नाही?

उत्तर : कारण उंदराला स्कर्व्ही होतच नाही. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात, पण माणूस, माकडं, काही वटवाघळं आणि गिनीपिग यांना ते जमत नाही, त्यासाठी लागणारं जनुक यांच्यात निकामी झालंय. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे संशोधक खरंतर बेरीबेरीचा (ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराचा) अभ्यास करत होते, आधी कबुतरं घेतली मग गिनीपिग, आणि नुसत्या धान्यावर ठेवल्यावर गिनीपिगना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाली! ताजा भाजीपाला किंवा लिंबाचा रस दिला की ती होत नव्हती. उंदीर घेतले असते तर त्यांना ती दिसलीच नसती.