घरी सुटी केमिकल आणून सी-४१ (कलर निगेटिव्ह फिल्म धुण्याची प्रोसेस) डेव्हलपर बनवता येतो का?

हो येतो, मी तसाच बनवतो. तुम्ही म्हणताय ब्लॅक अँड व्हाइटचा डेव्हलपर घरी करता, मग किट न घेता कलर निगेटिव्हचा जमेल का, तर जमेल, फक्त सल्फाइट सढळ हाताने टाकायची सवय आधी सोडा. डी-७६ या ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, इथे जेमतेम ४. कारण काम करून ऑक्सिडाइझ झालेला डेव्हलपर फिल्ममधल्या कपलरला (रंग बनवणारं रसायन) जाऊन चिकटतो तेव्हाच रंग तयार होतो आणि सल्फाइट जास्त असलं की ते त्याला वाटेतच खाऊन टाकतं, मग निगेटिव्ह फिकी.

एक लिटरसाठी ८०० मिली कोमट डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात पोटॅशियम कार्बोनेट ३७.५ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४.२५, पोटॅशियम ब्रोमाइड १.५, हायड्रॉक्सिलअमीन सल्फेट २.५ आणि सगळ्यात शेवटी सीडी-४ (कलर डेव्हलप करणारं मुख्य रसायन) ४.७५ ग्रॅम. आधीचं पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचं टाकायचं नाही. पोटॅशियम आयोडाइड फक्त २ मिलीग्रॅम लागतं, ते कुठल्या घरगुती काट्यावर मोजणार, म्हणून १ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचं आणि त्यातलं २ मिली सिरिंजने घालायचं. मग पाणी घालून लिटर पुरा करा, पीएच १०च्या जरासा वर यायला हवा, मीटरने बघाच. हायड्रॉक्सिलअमीन मिळालं नाही तरी अडत नाही, ते टिकण्यासाठी असतं, त्याच्याशिवाय बनवलेला त्याच दिवशी वापरून टाका, मात्र ते ॲसिडिक असल्याने पीएच परत तपासा. सीडी-४ला पर्याय नाही, ते विकतच घ्यावं लागतं आणि नायट्राइल ग्लोव्हजशिवाय त्याला हात लावू नका, कातडीला कायमची ॲलर्जी बसू शकते.

डेव्हलपिंग ३७.८ डिग्री सेल्सियसला, ३ मिनिटं १५ सेकंद, फिल्म १०० आयएसओची असो की ८००ची. गरम पाण्याच्या टबात बाटली आणि टँक दोन्ही ठेवा.

पुढच्या पायरीला, म्हणजे फिल्ममधली चांदी काढता येण्याजोगी करणाऱ्या ब्लीचला, पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइड चालतं, पण डेव्हलपरनंतर स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) आणि नीट धुणं हवंच, नाहीतर उरलेला डेव्हलपर ब्लीचमध्ये ऑक्सिडाइझ होऊन सगळ्या फिल्मवर डाग चढतो. आणि फेरिसायनाइड कडक ॲसिडजवळ कधीच नेऊ नका, विषारी गॅस निघतो, दोन्हीच्या बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा.