बाळाला निजवायचं कसं?

प्रश्न : बाळ अडीच महिन्यांचं आहे. सासूबाई त्याला पालथं निजवतात. उताणं ठेवलं तर ओकलेलं दूध श्वासात जाईल म्हणतात. घरच्या कापसाची नवी गादी भरून घेतली आहे, डोक्याखाली मोहरीची उशी, दुपारी साडीची झोळी. झोपेतच बाळ गेल्याचं कानावर आलं, तेव्हापासून मला झोप नाही.
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक झोपेला उताणंच निजवा. कुशीवरही नको, तिथून बाळ सहज पालथं होतं. झोपेतले असे अचानक मृत्यू सर्वांत जास्त 2 ते 4 महिन्यांच्या वयात होतात. अमेरिकेत 1994 पासून ‘उताणं निजवा’ हे घरोघर सांगितलं गेलं आणि पुढच्या काही वर्षांत ते जवळपास निम्म्यावर आले.

सासूबाईंची भीती मायेपोटी आहे, म्हणून त्यांना कारण सांगा. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. उलटून आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला वर चढावं लागेल. त्याआधीच बाळ ते गिळतं किंवा खोकून टाकतं. पालथं असलं की हेच उलटं होतं. पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा, मग निजवा.

आता गादी. तिच्यावर मूठ दाबून उचला. खळगा तसाच राहिला, तर ती बाळाची नाही. ताज्या पिंजलेल्या कापसात नाक रुतलं की सोडलेलाच श्वास बाळ परत घेत राहतं. जुनी, दबून कडक झालेली सपाट गादी घ्या, वर चादर ताणून खोचा. झोल पडलेली बाजही नको. मोहरीची उशी काढाच. डोकं चपटं होऊ नये म्हणून जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, थोडा थोडा वेळ पालथं घाला. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट मुडपते. तिथं डोळा लागला, तर उचलून गादीवर ठेवा.

थंडीत गोधडी आणि टोपडं घालून निजवू नका. आपल्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढं पुरे. हातपाय गार लागले तरी चालतं, मान चाचपा. घामेजली असेल तर एक कपडा उतरवा. बंद खोलीत शेगडी अजिबात नको, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. घरात कुणी बिडी ओढत असेल, तर ती बाळाच्या खोलीतच नव्हे, घरातही नको.

बाळ तुमच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर असावं. अंगावरचं दूध चालू ठेवा, त्यानंही धोका घटतो.

ओठ निळे पडले किंवा श्वास वीस सेकंद थांबला, तर नंतर बाळ ठीक दिसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. तळवे चोळूनही श्वास सुरू झाला नाही, तर तत्क्षणी 108 ला फोन लावा.