ऑस्ट्रेलियात घर घेताना मॉर्टगेज ब्रोकर लावावा का?

तुम्ही विचारलंय की ४८२ व्हिसावर (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) पुण्याहून मेलबर्नला येतोय, वर्षभरात घर घ्यायचंय, तर गृहकर्जासाठी ब्रोकर गाठावा की थेट बँकेत जावं. आणि बाबांचं म्हणणं, मध्ये दलाल कशाला?

ब्रोकरच्या आधी व्हिसाचं बोलू, कारण गाडी तिथेच अडणार आहे. १ एप्रिल २०२५ पासून, निदान ३१ मार्च २०२७ पर्यंत, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथे जुनं घर घेता येत नाही. नवीन बांधकाम घेता येतं, पण त्याला सरकारची परवानगी आणि तिची फी लागते. शिवाय व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, नेहमीच्या स्टॅम्प ड्यूटीवर परदेशी खरेदीदाराचे आणखी ८ टक्के. ७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घराला हे झाले ५६ हजार. पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, हातात आली की नेहमीची स्टॅम्प ड्यूटी सोडून यातलं काहीच लागत नाही. तुमच्या जागी मी असतो तर तोवर निमूट भाड्याने राहिलो असतो.

आता दलालाचं. बाबांच्या डोळ्यांपुढे एक महिन्याचं भाडं खिशात घालून गायब होणारा एजंट असणार. इथे प्रकार वेगळा आहे. ब्रोकरला सहसा आपण काही द्यायचं नसतं, बँक देते. कर्जाच्या साधारण ०.६५ टक्के सुरुवातीला आणि मग कर्ज चालू असेपर्यंत दरवर्षी ०.१५ टक्क्यांच्या आसपास. ५,६०,००० डॉलरच्या कर्जावर आधी ३,६४० आणि पुढे वर्षाला ८०० च्या वर. नव्या गृहकर्जांपैकी दहातली सात तरी ब्रोकरमार्फतच होतात, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही.

पण या कमिशनला एक शेपूट आहे. साधारण दोन वर्षांच्या आत तुम्ही ते कर्ज फेडलंत किंवा दुसऱ्या बँकेत नेलंत, तर बँक ब्रोकरकडून पैसे परत घेते. त्याला इथे क्लॉबॅक म्हणतात. मला हे कळलं ते चौदाव्या महिन्यात. दुसरीकडे अर्धा टक्का कमी व्याज मिळत होतं, म्हणजे वर्षाचे जवळपास २,८०० डॉलर. आमचा ब्रोकर एरवी दहा मिनिटांत उत्तर देणारा. तेव्हा मात्र 'आणखी थोडं थांबा, दर उतरतील' एवढंच म्हणत राहिला. माणूस वाईट नव्हता, आपल्याच मंडळातला, गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा. तरी त्याचा सल्ला कुठून येत होता ते उघड होतं.

हे सरकारलाही ठाऊक आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत केनेथ हेन यांच्या बँकांवरच्या चौकशी आयोगाने सुचवलं होतं की ब्रोकरला बँकेने नव्हे, कर्जदाराने पैसे द्यावेत. ते मानलं गेलं नाही. त्याऐवजी १ जानेवारी २०२१ पासून ग्राहकाचं हित आधी पाहणं ब्रोकरवर कायद्याने बंधनकारक झालं. बँकेच्या शाखेतल्या माणसावर तसं बंधन नाही. तो स्वतःच्याच बँकेचं कर्ज दाखवणार.

म्हणून माझं मत: नव्याने आलेल्याने पहिलं कर्ज ब्रोकरकडूनच करावं. प्रोबेशनमधली नोकरी, भारतातली शिल्लक, ओव्हरटाइम, यांकडे प्रत्येक बँक वेगळ्या नजरेने बघते. मी शहाणपणा करून आधी स्वतःच एका बँकेत अर्ज टाकला होता. प्रोबेशन संपलेलं नव्हतं, अर्ज फेटाळला गेला, आणि ती चौकशी माझ्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे आपल्या सिबिलसारख्या नोंदीवर, पाच वर्षं राहिली. चांगला ब्रोकर कुठे अर्ज करू नये हे आधी सांगतो. दुसरं कर्ज, म्हणजे रिफायनान्स (तेच कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं), मी थेट केलं. पगार स्थिर, फाइल स्वच्छ, मग मध्ये कुणी कशाला? काही कर्जं तर ब्रोकरकडे मिळतच नाहीत.

भेटीत त्याला विचारा की किती बँकांशी काम करतोस आणि गेल्या वर्षी सगळ्यात जास्त कर्जं कुठे पाठवलीस. दोनच नावं आली तर समजून घ्या. त्याचा परवाना एसिक या सरकारी नियामक संस्थेच्या नोंदवहीत फुकट तपासता येतो. कर्ज तुम्हाला का झेपेल, याचं त्याने केलेलं लेखी मूल्यांकनही मागा. मागितलं तर ते द्यावंच लागतं. 'तुम्हाला इतकं मिळू शकतं' हा आकडा ऐकून हुरळू नका. बँक चालू दरापेक्षा ३ टक्के जास्त व्याज धरून तुमची ऐपत तपासते, पण त्यात पुण्याची तिकिटं आणि आईबाबांची आजारपणं नसतात. आणि भारतातली न वापरलेली क्रेडिट कार्डं येण्याआधी बंद करा. इथे कार्डावरची थकबाकी नव्हे, त्याची पूर्ण मर्यादाच कर्ज म्हणून धरतात.

बाबा डाउन पेमेंटला हातभार लावणार असतील तर आत्ताच बोलून ठेवा. एका आर्थिक वर्षात एका माणसाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात, मात्र १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो; तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. रक्कम भेट आहे, परत करायची नाही, असं त्यांच्या सहीचं पत्र बँक मागेल. आणि २० टक्क्यांपेक्षा कमी भरणार असाल तर बऱ्याच बँकांना काही पैसे तीन महिने तुमच्याच खात्यात पडून राहिलेले दिसावे लागतात, तेव्हा ते घर पसंत पडल्यावर नव्हे, आधीच मागवा.