सुकलेली पाने टाकीत ठेवावीत का?

प्रश्न : आमच्याकडे ७० लिटरची टाकी असून तीत निऑन टेट्रा मासे आणि लहान कोळंबी आहेत. अंगणातील देशी बदामाची पाने टाकल्यास पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) उतरतो व मासे आजारी पडत नाहीत, असे दुकानदाराने सांगितले. चार पाने टाकल्यावर पाणी कोऱ्या चहासारखे झाले आणि पानांवर पांढरा बुळबुळीत थर आला. पीएच मात्र जागचा हलला नाही. पाने काढून टाकावीत का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन पाने राहू द्यावीत, दोन काढावीत. साधारण ४० लिटर पाण्याला एक मोठे पान पुरते.

पांढऱ्या थराची भीती बाळगू नये. पान भिजू लागले की त्यावर बुरशी व जिवाणू वाढतात आणि तेच कोळंबीचे आवडते खाद्य असते. थोडा वेळ टाकीजवळ बसून पाहिल्यास कोळंबी आपल्या चिमुकल्या नांग्यांनी पानाचा पृष्ठभाग सतत खुडताना दिसेल; हळूहळू मधला मऊ भाग नाहीसा होऊन केवळ शिरांची जाळी उरते. निऑन टेट्रा ज्या ॲमेझॉन खोऱ्यातील आहेत, तेथील जंगलांतून वाहणाऱ्या ओढ्यांचा तळ अशाच गळलेल्या पानांनी झाकलेला असतो. त्यामुळे पाण्याचा तांबूस रंगही त्यांना मानवतो. तो नकोसा वाटल्यास फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा.

पीएच न उतरण्याचे कारण बहुधा आपल्या पाण्यात आहे. पानांतून टॅनिन व ह्युमिक आम्ले उतरतात खरी, परंतु जड पाण्यातील बायकार्बोनेट त्यांना तिथल्या तिथे निष्प्रभ करते. नागपुरात अनेक घरी बोअरचे पाणी वापरले जाते व ते बरेचदा जड असते, म्हणून आधी पाण्याची केएच, म्हणजे बायकार्बोनेटमुळे येणारी कठीणता, तपासावी. ती जास्त असेल, तर पाने वाढवून काहीही साधणार नाही. पाणी बदलताना थोडे थोडे आरओचे पाणी मिसळणे हाच खरा मार्ग. टाकीत जन्मलेले टेट्रा उदासीन पीएचमध्येही चांगले राहतात, तेव्हा आकड्यासाठी घाई करू नये.

रोगांबाबत दुकानदाराने सांगितले ते अर्धेच खरे आहे. बदामाच्या पानांचा अर्क काही जिवाणूंची वाढ रोखतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण म्हणून टाकीतले एखादे पान औषध ठरत नाही. मासा आजारी दिसल्यास प्रथम अमोनिया व नायट्राइट तपासावे.

मला अधिक काळजी वाटते ती उन्हाळ्याची. कुजणारे पान प्राणवायू खाते, आणि २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरणारे पाणी ३५ अंशांना जेमतेम ७ मिलिग्रॅम धरते. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि एअर पंप बंद पडला, तर पानांनी भरलेल्या टाकीतील मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. म्हणून एप्रिल ते जून एकच पान ठेवावे, अर्धवट कुजलेले तुकडे वेळीच काढावेत आणि पाणी बदलताना क्लोरीन घालवूनच भरावे.

पान झाडावरून तोडू नये. आपोआप गळलेले, पूर्ण सुकलेले, तपकिरी पानच घ्यावे. गळण्यापूर्वी झाड पानातील नत्र बऱ्याच अंशी परत ओढून घेते, त्यामुळे असे पान पाणी कमी नासवते. हिरवे पान मात्र झपाट्याने सडते. रहदारीच्या रस्त्यावरचे, तसेच डासांसाठी धूरफवारणी झालेल्या जागेचे पान टाळावे. पान धुऊन त्यावर उकळते पाणी ओतावे व एक दिवस भिजत ठेवावे, म्हणजे ते लवकर बुडते. बदाम नसल्यास पेरू किंवा फणसाची सुकी पाने चालतात. कण्हेर विषारी आहे, निलगिरीत तेल असते, संत्र्याच्या बागांत कीटकनाशके फवारलेली असतात आणि कडुनिंबातील कीटकनाशक द्रव्य कोळंबीला घातक ठरू शकते. ही चारही पाने टाकीपासून दूर ठेवावीत.